वाटणीचे दिवस

दिवाळी होऊन गेलेली असते, पण गल्लीतले आकाशकंदील उतरवायला कुणाला सवड झालेली नसते. दौलताबादकडून येणारी सीताफळं शेवटाला आलेली असतात आणि गाडीवाला "घ्या ताई, उद्या मिळायची नायत" असं रोजच म्हणत असतो. सकाळी शाळेला निघाले की स्कुटीच्या हँडलवर बोटं गारठतात. मामूंच्या हॉटेलाशी आलं की आतून भांडणाचा आवाज येतो. तो एकदा कानावर पडला की मला कॅलेंडर बघावं लागत नाही. वाटणीचे दिवस आले.

नवख्या माणसाला वाटावं, आत सख्खे भाऊ शेताच्या बांधावरून एकमेकांच्या उरावर बसलेत. "तो आमचाच हाय." "तुमचा कसा? सातबाऱ्यावर नाव हाय का?" "त्याला सोडला तर आपल्या हातात काय राहिलं, धुपाटणं?" शेत नाही, बांध नाही, विहीर नाही. सगळं चाललंय ते फुटबॉलवरून. आमच्या शहरात हिवाळ्यात मोहल्ल्या-मोहल्ल्यांच्या संघांचे सामने होतात आणि त्याच्याआधी खेळाडूंचा ड्राफ्ट होतो. ड्राफ्ट हा शब्द पोरांचा. आमच्या देशमुख काकांनी पहिल्याच वर्षी त्याचं नाव वाटणी ठेवलं. काका मूळचे पिशोरचे. बँकेतून रिटायर होऊन शहरातच राहिले, पण शेत तिकडं आहे आणि त्यांच्या घरात वाटण्यांवरून जे काही झालं ते ऐकून गाव धन्य झालेलं आहे. तेव्हा त्या शब्दावर त्यांचा अधिकार कुणी नाकारत नाही.

नियम सोपा आहे. प्रत्येक संघानं आपला एकच जुना खेळाडू ठेवायचा. बाकी सगळ्यांची नावं एका फळ्यावर. मग चिठ्ठ्या टाकून संघांचे नंबर लावायचे आणि नंबराप्रमाणे एकेका संघानं एकेक नाव उचलायचं, फळा रिकामा होईस्तोवर. दरवर्षी त्याच दोन संघांनी कप न्यायचा आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवत उन्हात बसायचं, याला कंटाळून समितीनं हा उपाय काढला. त्या दोनातले एक आम्ही, नहरवाले. पाणचक्कीला पाणी नेणारी जुनी नहर आमच्या वस्तीखालून जाते म्हणे. पाहिली कुणीच नाही, पण अभिमान सगळ्यांना आहे. दुसरे घड्याळवाले, शहागंजच्या घड्याळाच्या अंगाचे. त्यांच्याविषयी माझं जे मत होतं ते मास्तरीणबाईला शोभणारं नव्हतं.

यंदाही मी मामूंकडं आत जाऊन बसते. चहा येतो. काकांचं बोट टेबलावर आपटत असतं. मी बशीत चहा ओतते आणि निवांत ऐकते. हा निवांतपणा मला नवा आहे आणि मी तो चवीनं उपभोगते. पहिल्या वाटणीच्या वर्षी ह्याच बाकावर मी सगळ्यांशी भांडत होते आणि चहा गार होत होता.

माझा धाकटा भाऊ सुमेध तेव्हा नहरवाल्यांचा गोलकीपर होता. सुमेधला ऐकू येत नाही, जन्मापासूनच. हे मी आधीच सांगून टाकते, कारण लोक तिथं येऊन अडखळतात. आवाज हळू करतात. त्याच्यासमोर हळू कशाला बोलायचं, हे मला आजपर्यंत कुणी समजावून सांगितलेलं नाही. "अरेरे" तर मी तो पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेय. माझी जीभ जरा तिखट आहे असं आई म्हणते. ती तिखट व्हायला हा एवढा इतिहास आहे.

सुमेध वाळूजला एका कंपनीत मशीनवर काम करतो. तिथं आवाज इतका असतो की सगळेच हातवारे करून बोलतात, आणि मग सगळ्यात बोलका माणूस कोण? आमचा सुमेध. पण शिफ्ट सुटली, बसमध्ये बसला, की संपलं. लग्नात, बारशाला, नातेवाइकांच्या घोळक्यात तो एका खुर्चीवर बसतो आणि हसतो. कुणी हसलं की हसतो, कुणी बघितलं की हसतो. ते हसणं मला बघवत नाही. ते हसणं म्हणजे, मी ठीक आहे, माझ्यामुळं थांबू नका. मी लहानपणापासून त्याच्या शेजारी बसून भराभरा हातांनी सांगत आलेय, मामा काय म्हणाला, मावशीनं काय टोमणा मारला, सगळे कशाला हसले. पण विनोद सांगून होईतो पुढचा विनोद झालेला असतो. त्याला शिळं हसावं लागतं.

मैदानावर तसं नव्हतं. तिथं इरफान होता.

इरफान मागच्या गल्लीतला. वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, आता तोच चालवतो. ही दोघं चड्डीत असल्यापासून एका भिंतीवर बॉल मारत वाढली. एक गोलमध्ये, एक त्याच्या पुढं बचावाला, स्टॉपर. त्यांची भाषा त्यांनीच बनवली. काही खुणा सुमेधच्या शाळेतल्या, काही आमच्या घरातल्या, काही तिथं धुळीतच उगवलेल्या. सुमेधनं ग्लोव्हज दोनदा आपटले की इरफान मान वळवायचा. छातीवर पंजा ठेवला तर बॉल माझा, तू हट. कोपरावर मूठ आपटली तर तुझ्या मागं माणूस उभा आहे. अजून अशा कितीतरी. ओरडणाऱ्या कीपरचा आवाज वाऱ्यात जातो, गर्दीत बुडतो. सुमेधचे हात कुठं बुडत नव्हते. नहरवाल्यांवर गोल होत नाही, ही शहरात म्हण झाली होती.

मी गोलच्या मागं उभी राहायची. पंचाची शिट्टी वाजली की हात वर करायची, काय दिलं ते सांगायची. आमचे प्रेक्षकही शिकले. टाळ्या त्याला कळत नाहीत म्हणून चांगला बॉल अडवला की सगळे रुमाल हलवायचे. देशमुख काका खांद्यावरचा पंचा गरगरा फिरवायचे आणि शेजारच्याच्या डोळ्यात घालायचे. त्या मैदानात अख्खी नहर एका माणसाकडं बघून बोलत होती. आमच्या घरातसुद्धा एवढी माणसं त्याच्याशी बोलत नव्हती.

आणि मग समितीचा कागद आला. एकच खेळाडू ठेवा.

मामूंच्या हॉटेलात त्या दिवसांत जी चर्चा झाली तिला तोड नाही. नहरवाल्यांचे पाठीराखे म्हणजे सगळे बसल्या जागी सेनापती. सिल्लोडहून एक पोरगा आमच्याकडून खेळायला यायचा, अक्षय. धावायला लागला की मागं धूळ, पुढं गोल. काकांचा जीव त्याच्यावर.

"अक्षयला ठेवायचं," काकांनी निकाल दिला. "जो कमावून आणतो त्याला घरात ठेवावं."

"आणि घर सांभाळणाऱ्याला?" मी म्हणाले.

"तू मधी बोलू नको पोरी. तू घरची हायस."

"म्हणूनच बोलतेय."

मामू गल्ल्यावरून म्हणाले, "जोडी कायकू तोडते जी? दोनों को रखो, बात खतम."

"मामू, एकच ठेवायचाय. नियम हाय."

"नियम बनानेवाले को इधर चाय पिने भेजो. मैं देखता."

इरफान तेव्हा आमचा कॅप्टन. तो दाराला टेकून उभा होता, हाताला वार्निशचा वास. तो म्हणाला, "मेरे को फळ्यावर टाका. सुमेधला ठेवा. आपा बरोबर बोलती."

त्याच्या ह्या बोलण्यानं माझा जीव हलका झाला, तो दोन घोट चहा होईपर्यंत. कारण काका आता गप्प झाले होते, आणि काका गप्प झाले की डोकं चालवायला लागतात. त्यांनी टेबलावरची बरणी सरकवली, बिस्किटं काढली, एकेक मांडत गेले. हे बिस्कीट इरफान. ह्याला फळ्यावर टाकला तर पहिल्या झटक्याला उचलला जाईल, कॅप्टन माणूस, सगळ्यांना हवा. मग सुमेधपुढं उभं कोण राहणार? त्याचे हात कोण वाचणार? म्हणजे सुमेध ठेवून उपयोग शून्य. हे बिस्कीट अक्षय. जाऊ दे त्याला, दुःख हाय पण जाऊ दे. इरफानला ठेवा. आणि हे शेवटचं बिस्कीट सुमेध, हे फळ्यावर राहू द्या. आपला नंबर कितवा का लागंना, आपण पहिल्या फेरीत आरामात उचलू. जोडी शाबूत.

"आणि आधीच कुणी उचललं तर?" कुणीतरी विचारलं.

"त्याला कोण घ्यायलंय?" काका म्हणाले.

मामूंनी उकळत्या चहाचं पातेलं उगाच उतरवलं. काकांना आपण काय बोललो ते उशिरा कळलं. त्यांचा चेहरा उतरला. "पोरी, मी तसं नाय म्हणलो."

"तसंच म्हणालात, काका. आणि हिशोब बरोबर आहे तुमचा."

खरंच बरोबर होता. मी रात्रंदिवस उलटासुलटा करून पाहिला, कुठं फट सापडली नाही. आमची सगळी व्यूहरचना एका गोष्टीवर उभी होती. माझ्या भावाला दुसरं कुणी मागणार नाही. आणि मला मनापासून वाटत होतं की त्याला कुणी मागू नये. रोज सकाळी वर्गातल्या फळ्यावर खडूनं सुविचार लिहायचे आणि मनात म्हणायचे, देवा नको, कुणी त्याचं नाव घेऊ नको. आम्ही देव मानत नाही घरात. तरी म्हणायचे.

सुमेधला हे सगळं इरफाननं सांगितलं. मैदानाच्या कडेला बसून, हातांनी, सावकाश. मी शेजारी होते. "कोण घ्यायलंय" हे वाक्य त्यानं गाळलं, पण सुमेध काय बाळ आहे? त्यानं विचारलं, दुसऱ्या कुणी घेतलं तर? इरफाननं हवेत हात झटकला. मग सुमेध माझ्याकडं वळला आणि विचारलं, कुणी घेणार नाही, नक्की? मी मान हलवली, नक्की. तो थोडा वेळ गवत उपटत बसला. त्याला बरं वाटलं की वाईट, ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

तेव्हा हसू येत नव्हतं, पण त्या वेळच्या आठवणींत हसण्यासारखंही पुष्कळ आहे. डावपेच गुप्त ठेवायचे असं ठरलं होतं. नहरवाल्यांनी गुप्त ठेवायचं म्हणजे काय, तर हॉटेलचं एक दार लावून घ्यायचं आणि दुसऱ्यातून ओरडायचं. भाजीवालीनं मला विचारलं, "ताई, अक्षयला खरंच सोडायलेत व्हय?" आमच्या शाळेच्या शिपायानं मत दिलं. सुमेधच्या कंपनीच्या बसमध्ये दोन तट पडले. सिल्लोडला अक्षयच्या आजीपर्यंत बातमी गेली आणि तिनं निरोप धाडला की नातवाला सोडणाऱ्यांचं भलं होणार नाही. काका दोन दिवस धास्तावलेले होते.

वाटणी रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये झाली. पंखे बंद, तरी कुणाला उकडत नव्हतं, इतकी थंडी पडली होती. पुढं फळा, त्यावर नावं. सुमेधचं नाव मधेच कुठंतरी, अक्षर वाकडं. चिठ्ठ्यांचा डबा फिरला. आमचा नंबर शेवटचा आला. काकांनी मागं वळून मला डोळ्यांनीच सांगितलं, फिकीर नाय. पहिला नंबर घड्याळवाल्यांचा.

घड्याळवाल्यांनी ठेवलेला जुना खेळाडू म्हणजे त्यांचा कॅप्टन, संतोष. उंच, जाड भुवयांचा, चेहऱ्यावरची माशी न हलणारा. त्यांचा स्टॉपरही तोच. मागच्या मोसमात ऑफसाइडवरून माझं आणि त्याचं मैदानाच्या कडेला असं वाजलं होतं की पंचांनी मला बाहेर जायला सांगितलं, आणि मी खेळाडू नसल्यामुळं बाहेरच आहे असं मी पंचांना सांगितलं. संतोष उठला. सगळा हॉल अक्षयकडं बघत होता. अक्षयनं शर्टाची कॉलर सारखी केली.

संतोष म्हणाला, "सुमेध."

माझा ऊर भरून आला आणि पायाखालची जमीन गेली, दोन्ही एकदमच. फळ्यावरच्या सगळ्या नावांतून पहिलं नाव माझ्या भावाचं. मागितला त्याला कुणीतरी, भर सभेत, सगळ्यांच्या आधी. आणि आता तो जिथं जाणार तिथं त्याच्याशी एक शब्द बोलू शकेल असं कुणी नाही. सुमेध संतोषच्या ओठांकडं बघत होता. मग माझ्याकडं बघितलं, खरं का म्हणून. मी मान हलवली. तो उठेना, तेव्हा मी त्याला कोपरानं ढोसलं. तो उभा राहिला आणि कपाळावरचे केस मागं सारले. तो खूश होता. बिचाऱ्याचे कान लाल झाले होते.

बाहेर आल्यावर काकांनी पायरीवर बसकण मारली. "कावा हाय हा," ते म्हणाले. "भिंत फोडायला घेतलाय त्यानं, खेळवायला नाय. बाकावर बसवील अख्खा हिवाळा आणि आपल्या गोलपुढं मोकळं रान."

हे ऐकलं आणि मग मला दुसरं काही सुचेना. इतकं पटण्यासारखं होतं. घड्याळवाल्यांचा जुना कीपर फळ्यावर होताच की, तो उचलता आला असता. त्यांना सुमेध कशाला हवा होता? आम्हाला तो मिळू नये एवढ्यासाठीच. इरफान भिंतीला पाठ लावून बसला होता. तो म्हणाला, "उधर उसको बुलाएगा कौन, आपा?" रिक्षातून घरी येताना सुमेध खिडकीशी बसून बोटांनी गुडघ्यावर ताल धरत होता.

घरी आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "माणसं बरी हायेत का?"

"घड्याळवाले आहेत, आई."

"ते नाय विचारलं मी."

त्या आठवड्यात मी वर्गात पोरांवर विनाकारण ओरडले, भाजी करपवली, आणि जिथं तिथं मला एकच दिसायचं. बाकावर बसलेला सुमेध. कुणी हसलं की हसणारा, कुणी बघितलं की हसणारा. लग्नातलं ते हसणं मैदानावर येणार होतं. बाकी सगळीकडं त्यानं ते सोसलं होतं, कारण मैदान होतं. मैदानही गेलं तर माणसानं कुठं जायचं?

खेळ ही गोष्ट माणसं इतकी का मनावर घेतात, असं आमच्या मुख्याध्यापिका मला नेहमी विचारतात. मी काहीतरी थातुरमातुर सांगते. खरं सांगायचं तर मला ऑफसाइडचा नियम आजही पूर्ण पाठ नाही. पण माझ्या ओळखीत बहुतेक माणसांना आयुष्यात अशी एखादीच जागा मिळते, जिथं ती नसली तर काम अडतं. कुणाची ती स्वयंपाकघरात असते, कुणाची कचेरीत. माझी वर्गात आहे, आवाज फाटेस्तोवर आहे. सुमेधची जागा दोन खांबांच्या मधे होती. ती वाटणीत निघाली होती आणि माझ्याकडं नुसती मान हलवायचं काम होतं.

तिकडं आमची नहरही हबकली होती. वाटणीत आम्हाला एक नवा कीपर मिळाला, खणखणीत ओरडणारा. तो घसा ताणून सांगायचा, "लेफ्टला बघ, लेफ्टला." इरफान ढिम्म. त्याला ओरडणं कळायचंच नाही, तो मान वळवून हात बघायचा. शेवटी त्या धडधाकट पोराला दुकानात बसवून इरफाननं खुणा शिकवल्या. आजही आमचा कीपर ऐकू येत असून हातांनीच बोलतो. काका म्हणतात, ह्याला म्हणतात परंपरा.

घड्याळवाल्यांचा पहिला सराव आमखास मैदानावर होता, सकाळी. सुमेधनं मला बजावलं होतं, येऊ नको. मी म्हटलं बरं. आणि तो गेल्यावर स्कुटी काढली. शाळेला वेळ होता. मैदानावर धुकं नव्हतं पण गवत ओलं होतं, आणि कडेच्या कडुलिंबाखाली मी अशी उभी राहिले की जणू झाडाचीच चौकशी करायला आलेय.

सुमेध बाकावर नव्हता. गोलमध्ये होता. तेवढ्यानंही माझं समाधान झालं नाही. सरावाला सगळ्यांनाच उभं करतात, मी मनात म्हटलं. पोरं आपापसांत ओरडत होती, हसत होती. आता तो एकटा पडणार, आता तो हसणार, म्हणून मी त्याच्या चेहऱ्याकडं टक लावून होते. कॉर्नर मिळाला. बॉल ठेवला गेला. सुमेधनं ग्लोव्हज दोनदा आपटले.

संतोषनं मान वळवली.

नुसत्या संतोषनं नाही. बचावाला उभ्या असलेल्या साऱ्या ओळीनं वळवली. सुमेधनं कोपरावर मूठ आपटली आणि डाव्या बाजूचा पोरगा दोन पावलं मागं सरून मागच्या माणसाला चिकटला. छातीवर पंजा आला आणि संतोषनं वाट मोकळी करून दिली. सुमेधनं उडी मारून बॉल झेलला. मी झाडाच्या बुंध्याला धरून उभी होते. मला वाटलं इरफान आलाय कुठंतरी, त्यानं शिकवलं असणार. मी मैदानभर इरफानला शोधलं. तो नव्हता.

पाणी प्यायला संतोष कडेला आला तेव्हा त्यानं मला पाहिलं. "या ताई. हेरगिरीला?"

मी भांडायच्या तयारीनं आले होते, पण तोंडातून भलतंच निघालं. "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"तुमच्या भावानं."

"कधी?"

"दर मॅचला," तो म्हणाला. बाटलीचं टोपण लावत, अगदी साधेपणानं. "तुमच्यावर गोल व्हायचा नाय. मग आम्ही एक पोरगं कडेला बसवायचो. म्हणलं, बॉलकडं बघू नको, ह्याचे हात बघ. त्यानं असं केलं की इरफान कुठं जातो, तसं केलं की कुठं जातो. मॅच झाली की सगळे बसून जुळवायचो. वर्षानुवर्षं हेच केलं, ताई. गोल काय झाला नाय. भाषा तेवढी आली. वाटणीत नवी आलेली पोरं आठवडाभर बसवून शिकवली."

आम्ही आपले समजत होतो की ह्याला समजून घेणारं जगात एक नहर सोडून कुणी नाही. आणि तिकडं शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याला हरवायला म्हणून पोरं त्याचा एकेक शब्द जुळवत बसली होती. माझ्या सख्ख्या मामानं, आत्यानं, चुलतभावांनी एवढा अभ्यास कधी केला नव्हता.

"पहिला नंबर लागला तवा आमची पोरं म्हणली, अक्षयला घे," संतोष म्हणाला. "म्हणलं, येडे झालात का? एवढं शिकलो ते काय वाया घालवायचं? आणि कीपर तो लई भारी हाय, ते वेगळंच."

मला रडू आलं, ते मी खोकल्यात काढलं. त्यानं भुवया वर केल्या आणि पाण्याची बाटली पुढं केली. आईनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं. माणसं बरी होती.

अर्थात कडेला बसून शिकलेल्या भाषेत घोळ असायचाच. इरफान आळसावला की सुमेध कानामागं पंजा धरून त्याला गाढव म्हणायचा, आणि इरफान लाजून पुढं पळायचा. घड्याळवाल्यांनी त्याचा अर्थ लावला होता, पुढं सरका. सराव पुन्हा सुरू झाला आणि त्यांच्या कॅप्टननं त्या जाड भुवया गंभीर ठेवून माझ्या भावाला गाढव म्हटलं. सुमेध बघतच राहिला. मग असा हसला की खांबाला धरून खाली बसला. त्याचं खरं हसणं मोठ्या आवाजाचं आहे, जरा चिरकं, त्याला स्वतःला ते माहीत नाही. मैदानावरची सगळी पोरं वळून बघायला लागली, आणि काय झालं ते न कळताही हसायला लागली. ह्या वेळी विनोद आधी त्याला कळला होता. शिळं हसायची पाळी बाकीच्यांवर आली होती.

मी तिथं किती वेळ उभी होते कोण जाणे. जीव भांड्यात पडला म्हणतात, तो पडल्याचा आवाज मला ऐकू आल्यासारखा वाटला. आणि मला एकदम कडकडून भूक लागली.

तेवढ्यात सुमेधनं मला पाहिलं. लिंबाआड लपणं माझ्या देहयष्टीला जमण्यासारखं नाहीच. त्यानं दुरूनच हात केले. कशाला आलीस? मी म्हटलं, सहज. पंचाची शिट्टी कोण सांगणार तुला, म्हणून. त्यानं अंगठा संतोषकडं वळवला. मी म्हटलं, आणि इतर काही सांगायचं असलं तर? पुन्हा अंगठा. मग त्यानं मनगटावर टिचकी मारली आणि हात हलवले. तू जा. शाळेला उशीर होईल तुला.

आणि त्यानं पाठ फिरवली.

सुमेधशी ओळख नसलेल्याला यात काही वाटणार नाही. पण त्याच्याशी बोलायचं म्हणजे त्याच्यासमोर राहायचं. त्यानं पाठ फिरवली की बोलणं तिथं संपतं, हाक मारायची सोय नाही. म्हणून लहानपणापासून कधी, कुठंही, त्यानं माझ्याकडं पाठ केली नव्हती. शाळेत, दवाखान्यात, लग्नात, मैदानावर, दर थोड्या वेळानं त्याचे डोळे मला शोधायचे, काय चाललंय ते विचारायचे. त्या सकाळी मी बराच वेळ थांबून पाहिलं. त्याचे डोळे पोरांकडं होते, बॉलकडं होते, संतोषच्या हातांकडं होते. तो वळला नाही.

"बरं," मी त्याच्या पाठीला म्हणाले, चांगलं मोठ्यानं, आणि शाळेत गेले.